समोरच्या मल्हारीचं लाइव्ह परमिट

४ नोव्हेंबर, सोमवार

मल्हारीने आज बोर्ड लावला. लाल दिव्यांची अक्षरं, ‘लाइव्ह म्युझिक’. खाली बारीक ‘शासनमान्य’. आमच्या बरोब्बर समोर, पाटस-दौंड रस्त्याच्या पलीकडे. अक्षरं पेटतात, विझतात, पुन्हा पेटतात. आमच्या काउंटरच्या काचेत उलटी दिसतात. मला काही फरक पडत नाही.

हा मल्हारी आमच्या परमिट रूममध्ये आठ वर्षं वेटर होता. ट्रे कसा धरायचा हे त्याला मी शिकवलं. म्हणजे आचाऱ्याने शिकवलं, मी शेजारी उभा होतो. ‘शेठ, माझं बी एक छोटंसं टाकावं म्हंतो,’ असं म्हणाला तेव्हा मी त्याची पाठ थोपटली होती. चालणार नाही याची खात्री होती म्हणूनच थोपटली होती.

संकल्प: समोर बघायचं नाही. खुर्ची फिरवून रस्त्याकडे पाठ केली.

५ नोव्हेंबर

खुर्ची परत होती तशी केली. पाठ केली की गिऱ्हाईक आलेलं कळत नाही. आज तसंही कोणी आलं नाही. पण आलं असतं तर कळलं नसतं.

७ नोव्हेंबर, गुरुवार

हौशीराम मामा आले. रेल्वेतून रिटायर झालेले इंजिन ड्रायव्हर, खिडकीपाशी बसतात, आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. दोन दिवस दिसले नव्हते. मला वाटलं आजारी असतील, काळजी वाटली. तर समोर गेले होते. स्वतःच सांगितलं. म्हणाले, ‘पोरगी लय ग्वाड गाती रं हनुमंता. डोळं मिटलं की जुना रेडिओ लागल्यावानी वाटतंय.’

मी सहज विचारलं, गर्दी होती का. म्हणाले, जागेसाठी थांबावं लागलं. मी सहज म्हणालो, तिकडे माश्या फार आहेत असं ऐकतो. म्हणाले, न्हाई बा. मग ग्लास घाईघाईत संपवला आणि उठले. ‘फुडची जागा जाती,’ म्हणाले.

निर्णय झाला. आपल्याकडेही लाइव्ह. मल्हारीमुळे नाही. हे माझ्या डोक्यात फार आधीपासून होतं. नक्की कधीपासून ते आता आठवत नाही.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

परवानगीसाठी दौंडला गेलो. टेबलापलीकडच्या मॅडमनी अटींचे कागद दिले आणि विचारलं, परमिट रूमचं लायसन कुणाच्या नावावर आहे. मी म्हणालो, घरच्यांच्याच.

‘घरचे म्हंजी तुम्ही?’

‘म्हणजे मिसेस.’

‘मग मिसेसना पाठवा. तुम्ही कोण?’

‘मालक.’

‘कशाचे?’

कुजकेपणा नव्हता आवाजात. खरंच माहिती हवी होती त्यांना. मी अटींचे कागद घडी करून खिशात घातले.

लायसन आधी सासऱ्यांचं, शिरूरच्या पोपटरावांचं. थकल्यावर त्यांनी ते प्रतिभाच्या नावावर केलं. मला म्हणाले, ‘जावईबापू, तुमच्या डोक्याला ताप नको.’ किती जपतात मला.

१३ नोव्हेंबर

प्रतिभाने चष्मा लावून अटी वाचल्या. दोनदा. स्टेजला कठडा पाहिजे. कठडा आणि पहिलं टेबल यांच्यात मोकळी जागा पाहिजे. गिऱ्हाइकाने वर चढायचं नाही, नोटा उधळायच्या नाहीत. गाणं-वाजवणं चालेल, नाच चालणार नाही. आवाज हॉलच्या आतच राहिला पाहिजे. कलाकारांचं आधार कार्ड आणि फोटो, कॅमेरे, आग विझवायचं सामान, ग्रामपंचायतीची एनओसी.

मी म्हणालो, हे सगळं मॅनेज होतं. ती म्हणाली, ‘मल्हारीभाऊंना विचारून येते. त्यांनी सगळं केलंय.’ आणि सरळ रस्ता ओलांडून गेली.

मी काउंटरवरून बघत होतो. समोर बघायचं नाही हा संकल्प होता, पण बायको समोर गेली तर बघावं लागतं. मल्हारीने तिला खुर्ची दिली. आधी स्वतःच्या खांद्यावरच्या टॉवेलने पुसली. माझी खुर्ची त्याने आठ वर्षांत एकदा पुसली नाही. मग चहा आला. मग ती दोघं हसली. थोड्या वेळाने परत हसली. आग विझवायच्या सिलिंडरमध्ये हसण्यासारखं काय असतं?

येताना त्याच्या सगळ्या कागदांच्या झेरॉक्स घेऊन आली. संशयाला जागा आहे. समोरच्या धंदेवाल्याला कोणी आपले कागद देतं का? काहीतरी गडबड असणार. मी एकूण एक पान तपासलं. काही सापडलं नाही. इतके सरळ कागद असणं हीच मोठी गडबड.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

उद्या विधानसभेचं मतदान, म्हणून ड्राय डे. दोन्हीकडे बंद. मल्हारीचा बोर्ड अंधारात. फार बरं वाटलं. लोकशाही मजबूत झाली पाहिजे.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

समोरच्या गाण्याचा आवाज आमच्या हॉलमध्ये येतो. अगदी हॉलमध्ये नाही, पण आपण दारात गेलं, तिथून रस्त्याच्या कडेला आणि मग दुभाजकावर उभं राहिलं, तर स्पष्ट येतो. अटीचा भंग. जागरूक नागरिक म्हणून पोलिसांच्या हेल्पलाइनला फोन केला. नाव सांगितलं नाही. हॉटेलच्या मोबाईलवरून केला, म्हणजे संशय यायला नको.

अर्ध्या तासात हवालदार मीटर घेऊन हजर. मी दारात पेपर वाचत उभा राहिलो. हवालदार आत गेले, बाहेर आले, मल्हारी सोबत. मग हवालदारांनी खिशातून मोबाईल काढला, नंबर लावला आणि माझ्या खिशात वाजलं.

घ्यावं लागलं. पलीकडून विचारलं, ‘प्रतिभाताई बोलताय का? तुमची तक्रार व्हती.’ सिम प्रतिभाच्या नावावर आहे हे मी विसरलो होतो. काय करणार? बारीक आवाज काढून ‘हो’ म्हणालो. हवालदार रस्त्यापलीकडून माझ्याकडेच बघत होते. मी हात केला.

नंतर रस्ता ओलांडून आले. समोरचा आवाज मर्यादेत आहे म्हणाले. तुमचाच टीव्ही फार मोठा आहे, म्हणाले. लेखी समज दिली. ती प्रतिभाच्या नावाने निघाली.

प्रतिभा संध्याकाळी समोर जाऊन माफी मागून आली. मल्हारी तिला म्हणाला म्हणे, ‘जाऊ द्या वैनी, शेठ मनानं वाईट न्हाईत.’ हा कोण मला सर्टिफिकेट देणारा?

२ डिसेंबर, सोमवार

स्टेजचं काम सुरू. पाबळचा शंभू आला आहे, वेल्डिंग तिथल्याच शाळेत शिकलेला. मल्हारीचं स्टेज गुडघ्याइतकं आहे. मी कमरेइतकं सांगितलं. शंभू म्हणाला, ‘साहेब, छत खाली हाय तुमचं.’ मी म्हणालो, विचार उंच असावेत.

८ डिसेंबर, रविवार

स्टेज तयार. वर उभा राहिलो. डोकं पंख्याला लागतं. सुदैवाने बंद होता. पंखा काढला. आता वर उभं राहिलं की खिडकीतून थेट मल्हारीच्या हॉलमध्ये दिसतं. आज भरलेला होता. कोपऱ्यातलं एक टेबल रिकामं दिसलं, तेवढ्यात तिथेही माणसं बसली. अर्धा तास उभा होतो.

१० डिसेंबर

प्रतिभाने शंभूला बोलावून स्टेज कापून घेतलं. आता मल्हारीच्या स्टेजइतकं दिसतं. मी रात्री टेप लावला. चार बोटं कमीच आहे.

१४ डिसेंबर, शनिवार

समोर कोण गातं ते बघून आलो. धंद्याचा अभ्यास. ओळखू येऊ नये म्हणून डोक्याला मफलर गुंडाळला होता. थंडीही होती, त्यामुळे तो शोभत होता.

गाणारी पूनम. दौंडची, दिवसा शिवणक्लास घेते. नवरा नवनाथ शेजारी कीबोर्डवर. साधी साडी, हातात वही नाही, काही नाही. पहिलं गाणं सुरू झालं आणि कारखान्याचे ड्रायव्हर, एमआयडीसीतली पोरं, सगळे गप्प. एकाच्या हातात चकली होती ती तशीच राहिली. मीही ऐकत राहिलो. खरं लिहायचं तर त्या गाण्यापुरता मी मल्हारीला विसरलो. मग टाळ्या वाजल्या आणि सगळं परत आठवलं. ह्या टाळ्या त्याच्या हॉलमध्ये वाजतात. त्याच्या. ज्याला मी सोडा कसा उघडायचा ते दाखवलं.

मध्ये ती दोघं मागच्या टेबलावर पाणी प्यायला बसली तेव्हा मी गेलो. आमच्याकडे या म्हणालो. इथे मिळतं त्याहून जास्त देतो. ती म्हणाली, ‘दादा, मल्हारीदादा आम्हाला आधी जेवायला वाढतात, मग गाणं. कुणी टेबलावरनं वंगाळ बोललं तर गाणं थांबवून त्याला उठवतात. मग तो कुणी का असंना. तुमच्याकडं कोण उठवंल?’

मी म्हणालो, मी. तिने माझ्या मफलरकडे बघितलं.

तेवढ्यात मल्हारी आला. ‘शेठ, मफलर काढा की. उकडत आसंल.’ सगळ्यांसमोर. वर बिलही घेतलं नाही. मुद्दाम केलं. मी दोन वेळा पैसे पुढे केले, त्याने दोन्ही वेळा माझी मूठ बंद केली. त्याचा हात माझ्यापेक्षा मऊ कसा काय?

२० डिसेंबर, शुक्रवार

कलाकार बाहेरून आणायची गरजच काय? मी गाणार. कॉलेजच्या गॅदरिंगला गायलो होतो. नंबर आला नव्हता, पण परीक्षक बाहेरगावचे होते. मोबाईलवर म्युझिक लावून रियाज सुरू केला.

२३ डिसेंबर

रियाज चालू. आचारी रजा मागत होता. शेजारच्या चांगुणाकाकू सकाळी प्रतिभाकडे आल्या आणि विचारलं, ‘म्हस अडलीया का गं तुमची?’ आमच्याकडे म्हैस नाही. काकूंचं आता वय झालं.

२७ डिसेंबर, शुक्रवार

अर्ज पोलिसांकडे आहे. हवालदार म्हणाले, ताईंचे कागद एकदम क्लिअर आहेत, चौकशी झाली की जानेवारीअखेर, नाहीतर फेब्रुवारीत मिळून जाईल. म्हणजे मिळाल्यातच जमा.

मल्हारीच्या दारात थर्टी फर्स्टचा फ्लेक्स. पूनमचा फोटो, नवनाथचा फोटो, आणि खाली मल्हारीचा स्वतःचा फोटो, हात जोडून. आठ वर्षं मी त्याला जेवण झाल्यावर हात पुसायला सांगत होतो.

सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, प्रतिभा उद्या शिरूरला जाणार. आजच बजावलं, ‘परवानगी येईपर्यंत माईकला हात लावायचा नाही. माझ्या नावावर आहे सगळं. कळलं का?’ कळलं म्हणालो.

माईक स्टँडवर लावला तर हात लागत नाही.

३१ डिसेंबर, मंगळवार. संध्याकाळी सहा

तयारी पूर्ण. शर्ट इस्त्रीचा. दोन स्पीकर आत, दोन बाहेर. बाहेरचे दोन मल्हारीच्या दिशेला. तिकडच्या लोकांनाही कळू दे.

१ जानेवारी, बुधवार

नीट लिहून ठेवतो. पुढे लोक काहीही सांगतील.

हॉल भरला होता. समोर जागा मिळाली नाही ते लोक आमच्याकडे आले होते, पण आले होते. मी गायला सुरुवात केली. हॉल शांत झाला. ह्या शांततेत मला पूनमची शांतता आठवली, तीच ही. हौशीराम मामा डोळे मिटून बसले होते. कानांवर हातही होते, पण ते अगदी मन लावून ऐकणारेही ठेवतात.

दुसऱ्या कडव्याला दारातून एक उंच माणूस आत आला आणि थेट स्टेजसमोर उभा राहिला. इतका रसिक माणूस मी बघितला नव्हता. ‘हे पुढचं कडवं आपल्यासाठी,’ असं माईकवर म्हणालो. ते नवीन फौजदार होते.

परवानगी कुठाय, विचारलं. अर्ज केलाय म्हणालो. ‘लग्नाचा अर्ज केला म्हणून नांदायला सुरुवात करतात का?’ म्हणाले. लोक हसले. माझ्या गाण्याला इतका प्रतिसाद नव्हता. चारही स्पीकर उचलले आणि मलाही.

स्टेशनात बाकावर बसलो. गुन्हा दाखल झाला. नाव हनुमंत, धंदा काय, तर हवालदारांनी लिहिलं, ‘घरीच असतात’. जामीन कोण राहणार, म्हणाले. प्रतिभाला फोन करायची हिंमत होईना.

मग मल्हारी आला. मामांनी जाऊन सांगितलं होतं. वर्षातला सगळ्यात गर्दीचा दिवस, भरलेला हॉल पोरांवर टाकून आला होता. खांद्यावर टॉवेल तसाच. फौजदारांनी त्याला खुर्ची दिली. चहा मागवला. मी बाकावर होतो, मला विचारलंही नाही. मल्हारी म्हणाला, ‘साहेब, माणूस साधा हाय. मी जामीन ऱ्हातो.’ सही केली. सही चांगली आहे त्याची. शेवटी एक झोकदार रेघ ओढतो. मला कधी जमली नाही.

परत येताना त्याच्या मोटरसायकलवर मागे बसलो. कारखान्याच्या रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर लागले होते, तिथे गाडी थांबवावी लागली. तेव्हा मान न वळवता म्हणाला, ‘शेठ, माझी आई दवाखान्यात व्हती, आठवतंय? म्हयनाभर. तुमच्या घरनं रोज डबा यायचा. आई जाईस्तवर तोच जेवली. मी इसरलो न्हाई.’

मला काहीच आठवत नव्हतं. मल्हारीची आई आजारी होती हेही मला माहीत नव्हतं. डबा प्रतिभाच पाठवत असणार.

मी म्हणालो, ‘असू दे रे. माझं कर्तव्यच होतं.’

३ जानेवारी, शुक्रवार

प्रतिभा शिरूरहून आली. ओरडली नाही. भांडली असती तर मला बाजू मांडता आली असती, मी मुद्दे काढून ठेवले होते. स्टेशनला जाऊन तिने जबाब दिला की त्या दिवशी ती गावात नव्हती आणि जे घडलं ते तिच्या सांगण्याबाहेर घडलं. लायसन वाचलं. मल्हारीने जबाब कसा लिहायचा ते सांगितलं होतं. ती घरी आल्यावर मी विचारलं, डबा तू पाठवायचीस का? भाजी चिरत होती. म्हणाली, ‘कुठला डबा?’ मग थोड्या वेळाने म्हणाली, ‘तुम्हाला तेव्हा सांगितलं होतं. तुम्ही मॅच बघत होता.’

६ फेब्रुवारी, गुरुवार

परवानगी आली! मी म्हणालोच होतो.

प्रतिभाने मोठ्याने वाचली. कठडा, मोकळी जागा, कॅमेरे, वेळ, सगळं ठीक. एका अटीपाशी ती थांबली. चष्मा काढला, पुसला, परत लावला. विनापरवाना कार्यक्रमाबद्दल ज्याच्यावर गुन्हा दाखल आहे अशा व्यक्तीस कार्यक्रमाच्या वेळेत आस्थापनेच्या आवारात थांबता येणार नाही.

मी म्हणालो, हा कोण? ती माझ्याकडे बघत राहिली.

अपील करू म्हणालो. तिने परवानगी प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घातली आणि भिंतीवर लावली, सरळ आहे का ते लांब जाऊन बघितलं.

पूनम आणि नवनाथ बुधवार-शनिवार आमच्याकडे येणार, बाकीचे दिवस समोर. मल्हारीनेच दोन दिवस सोडले. पूनम प्रतिभाला भेटून गेली. कुणी वंगाळ बोललं तर कोण उठवणार, हे तिने इथेही विचारलं. प्रतिभा म्हणाली, ‘मी.’ पूनमने लगेच हो म्हटलं. मला विचारायला पाहिजे होतं कुणीतरी. निदान चहा घेणार का, एवढं तरी.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज आमच्या लाइव्हचा पहिला दिवस. सकाळपासून मी बरंच काम केलं. हार आणले. खुर्च्या मोजल्या. साडेसहाला प्रतिभा म्हणाली, ‘अहो, वेळ झाली. निघा आता.’ तिने गडद हिरवी साडी नेसली होती. ही कधी घेतली विचारायचं राहिलं.

जाणार कुठे? समोर गेलो. शनिवार असल्याने मल्हारीकडे गाणं नव्हतं, दोन-तीन टेबलंच होती. त्याने मला खिडकीतली जागा दिली. आमचं हॉटेल तिथून पूर्ण दिसतं. मला माहीत नव्हतं इतकं चांगलं दिसतं. माळा लावलेल्या. मोटरसायकली पार रस्त्यापर्यंत. हौशीराम मामा नवा सदरा घालून आत शिरले, त्यांनी इकडे बघितलंसुद्धा नाही. काचेतून प्रतिभा दिसत होती, काउंटरवर, माझ्या खुर्चीत न बसता उभी, येईल त्याला नमस्कार करत. एका टेबलावर काहीतरी गडबड झाली. ती गेली, दोन शब्द बोलली, तो गडी गुपचूप उठून बाहेर गेला.

मल्हारी शेजारी येऊन उभा राहिला. म्हणाला, ‘झ्याक चाललंय शेठ तुमचं. माझ्या पहिल्या दिवशी एवढी माणसं नव्हती.’ मनापासून म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर मी नीट शोधलं, जळफळाट कुठे दिसतो का. नव्हता. हा माणूस हे कसं करतो ते मला समजत नाही.

टाळ्या वाजल्या असाव्यात, आतले सगळे हात हलताना दिसले. आवाज मात्र आला नाही. अट नीट पाळली आहे तिने. मला राहवेना. बाहेर पडलो, रस्ता ओलांडला आणि आमच्या पार्किंगच्या कडेला, गुलमोहराखाली उभा राहिलो. तिथून थोडं ऐकू येत होतं. पूनम तेच गात होती, त्या दिवशीचं. दाराची फट मोठी झाली की गाणं मोठं व्हायचं.

एक वॉचमन आला. नवीन ठेवलाय, मला माहीत नव्हता. युनिफॉर्म, शिट्टी, हातात टॉर्च. टॉर्च माझ्या पायांवर मारला.

‘काका, हितं थांबायचं न्हाई.’

मी म्हणालो, अरे, मी इथलाच आहे.

‘सगळे हितलेच हायेत,’ तो म्हणाला. ‘मॅडमनी सांगितलंय. परमिटची अट हाय. गाणं ऐकायचं आसंल तर आत जाऊन बसा, न्हाईतर फुडं चला.’

पुढे चाललो. वळून बघितलं तर तो दाराशी जाऊन उभा राहिला होता, अगदी फटीजवळ, आणि पायाने ताल धरत होता.